टेबलाची उंची कुणी ठरवायची?

कुठल्याही ऑफिसात कामाच्या जागा तपासायला गेले की मी पहिली टेप लावते ती माणसाच्या कोपराला. माणूस नेहमीसारखा बसलेला हवा. पावलं जमिनीवर सपाट, खांदे सैल, दंड अंगालगत. जमिनीपासून कोपरापर्यंत जे अंतर भरतं, तीच त्याच्या कीबोर्डची उंची. त्यानंतर टेप टेबलाला लावायची. बहुतेक ऑफिसांत तिथे 75 सेंटिमीटरच्या आसपास आकडा येतो, मग त्या टेबलाशी कुणीही बसत असो.

आता हिशेब पाहा. पाच फूट, म्हणजे सुमारे 152 सेंटिमीटर उंचीच्या बाईचं बसलेलं कोपर जमिनीपासून साधारण 60 ते 64 सेंटिमीटरवर येतं. भारतातल्या प्रौढ स्त्रियांची सरासरी उंची याच्याच जवळपास आहे. 75 सेंटिमीटरचं टेबल नीट बसतं ते सहा फुटांच्या आसपासच्या पुरुषाला. बाकीच्यांनी काय करायचं? बाई टाइप करताना नकळत खांदे उचलून धरते, आणि दुपारपर्यंत तिची मान आखडते. कुणी सांगतं, खुर्ची वर घे. ती वर घेतली की पाय लोंबकळतात, सीटची कड मांडीखाली रुतते, संध्याकाळी चपला घट्ट होतात. तिच्या दुखण्याला आपण ‘चुकीचं बसणं’ म्हणतो. तिचं बसणं चुकलेलं नसतं. टेबल तिच्यासाठी केलेलंच नसतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माणसाच्या शरीराशी त्याच्या कामाच्या जागेची सांगड घालणं, म्हणजे एर्गोनॉमिक्स, हा माझा विषय. पुण्यात राहून हे काम करायचं म्हणजे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या ऑफिसांतल्या माना आणि कंबरा रोज पाहायच्या. 2020 साली ऑफिसं घरात आली, जेवणाच्या टेबलावर आणि पलंगावर लॅपटॉप उघडले गेले, आणि तेव्हापासून एक प्रश्न सतत कानावर येतो: ‘मॅडम, स्टँडिंग डेस्क घेऊ का?’

म्हणजे उंची बदलून उभ्यानंही काम करता येईल असं टेबल. माझं उत्तर असतं, परवडत असेल तर जरूर घ्या. पण ज्या कारणासाठी लोक हे टेबल घेतात, ते कारण बहुतेक वेळा चुकीचं असतं, आणि कारण चुकलं की वापरही चुकतो.

पहिला समज वजनाचा. उभं राहिल्यानं चरबी जळते, असं लोकांना वाटतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2018 साली 46 अभ्यास एकत्र करून मोजमाप मांडलं. बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला 0.15 किलोकॅलरी जास्त खर्च होते. 65 किलो वजनाचा माणूस रोज सहा तास बसण्याऐवजी उभा राहिला तर दिवसाकाठी 54 किलोकॅलरी. एका पोळीतही याहून जास्त असतात.

दुसरा समज हृदयाचा: बसणं सोडून उभं राहिलं की हृदय सुरक्षित. तो जिथून आला ती हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि 1953 साली तो ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. बस तीच, रस्ते तेच, पण दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. पुढे लोकांनी यातून एवढंच उचललं की बसणं वाईट. पण कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत होता, गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडत होता. त्याला वाचवत होतं ते चालणं आणि चढणं.

नुसतं उभं राहणं काय करतं, हेही आता बऱ्यापैकी समजलं आहे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावर मोजणी यंत्र बांधलेल्या 83 हजार ब्रिटिश प्रौढांची माहिती तपासली. 2024 साली आलेल्या त्या अभ्यासात जास्त वेळ उभं राहण्यानं हृदयविकाराचा धोका कमी झालेला दिसला नाही. उलट दिवसाला दोन तासांच्या पुढे उभं राहण्याचा काळ जसा वाढला, तसा फुगलेल्या शिरांसारख्या रक्ताभिसरणाच्या तक्रारींचा धोका वाढला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सात हजारांहून अधिक कामगारांची 12 वर्षांची माहिती तपासली, तेव्हा मुख्यतः उभ्यानं काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका मुख्यतः बसणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाला.

खरं तर आमच्या शास्त्राच्या पायाशीच हे लिहून ठेवलेलं आहे. इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात उभ्यानं काम करणाऱ्यांच्या पायांवर फुगणाऱ्या शिरांची नोंद आहे, आणि वाकून बसणाऱ्या शिंपी-चांभारांच्या पाठीचीही. दोन्ही दुखणी त्याला दिसली होती.

याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. पायांतलं रक्त वर हृदयाकडे न्यायला पोटरीचे स्नायू लागतात. चालताना ते आवळतात, सैल होतात, आणि दर पावलागणिक शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. एका जागी उभं राहिलं की हा पंप थांबतो. रक्त खाली साचतं, पाय भरून येतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. बसल्यावरही तो थांबलेलाच असतो. पोटरीला बसण्या-उभं राहण्याचं काही नाही, तिला हालचाल हवी.

कंबरेची गोष्टही अशीच. दोन मणक्यांमधल्या चकतीला मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. तिच्यावरचा दाब वाढतो तेव्हा पाणी बाहेर जातं, दाब उतरतो तेव्हा आत येतं, आणि तिचं पोषण या ये-जा करण्यावर आणि आजूबाजूनं झिरपणाऱ्या द्रवावर चालतं. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी 1960-70 च्या दशकांत जिवंत माणसांच्या कंबरेच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. टेकून न बसता नुसतं बसलं तर उभं राहण्यापेक्षा दाब जास्त, असं त्यांना आढळलं, आणि ‘बसणं कंबरेला वाईट’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत गेलं. 1999 साली जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकावर पुन्हा मोजमाप केलं. तेव्हा सैलसर मागे टेकून बसल्यावर दाब उभं राहण्यापेक्षा कमी भरला. कोणती बैठक श्रेष्ठ, हा वाद त्यामुळे मिटला नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली: चकतीला एकच एक आदर्श बैठक उपयोगाची नाही, तिला बैठक बदलत राहायला हवी.

म्हणून उंची बदलणाऱ्या टेबलाकडे मी ‘उभं राहण्याचं टेबल’ म्हणून पाहत नाही. बदल सोपा करणारं साधन म्हणून पाहते. कॉर्नेल विद्यापीठाचे अॅलन हेज यांचं एक सूत्र मी सर्रास सांगते: अर्ध्या तासात 20 मिनिटं बसा, 8 मिनिटं उभे राहा, 2 मिनिटं चाला. यातली शेवटची दोन मिनिटं सगळ्यांत मोलाची. कोलंबिया विद्यापीठातल्या 2023 सालच्या एका छोट्या प्रयोगात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं संथ चालण्यानं जेवणानंतरची साखर आणि रक्तदाब, दोन्ही उतरले. टेबल कितीही उंच केलं तरी ते तुमच्यासाठी चालणार नाही.

मग टेबल कशाला? कारण नुसत्या उपदेशानं माणसं उठत नाहीत. इंग्लंडमध्ये स्थानिक नगरपालिकांच्या 756 कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग 2022 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांना समजावणं, आठवण करणं, गटचर्चा एवढंच दिलं, त्यांचं रोजचं बसणं वर्षअखेरीस, यातलं काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत, सरासरी 22 मिनिटांनी कमी भरलं. ज्यांना याबरोबर उंची बदलणारं टेबलही दिलं, त्यांचं 64 मिनिटांनी. साधन हाताशी असलं की सवय लागते.

घेताना काय पाहायचं, हे आता सांगते. दुकानदार तुम्हाला टेबल किती वर जातं ते दाखवेल. तुम्ही ते किती खाली येतं ते विचारा. एकात एक सरकणाऱ्या दोन टप्प्यांच्या पायांचं टेबल बहुधा 70-72 सेंटिमीटरच्या खाली येत नाही, तीन टप्प्यांचं 60-62 पर्यंत येतं. पाच फुटी बाईला पहिलं टेबल बसून काम करायला जुन्याइतकंच गैरसोयीचं. जाहिरातीतला आकडा पुष्कळदा नुसत्या सांगाड्याचा असतो, तेव्हा फळीची जाडी त्यात मिळवा. माझ्या मते आपल्याकडच्या बायकांना या टेबलाचा सर्वांत मोठा फायदा त्याच्या खाली येण्यात आहे. भारतीय शरीरांची मापं आपल्याकडे नाहीत असंही नाही. देबकुमार चक्रबर्ती यांनी संकलित केलेलं मापांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं 1997 सालीच प्रसिद्ध केलं आहे. फर्निचर मागवणाऱ्यांनी ते उघडावं, एवढंच.

दुसरं, उंची साठवणारी बटणं असावीत. उभ्या माणसाचं कोपर पाच फुटी बाईचं साधारण 95 सेंटिमीटरवर असतं, पाच फूट दहा इंची पुरुषाचं 110 च्या पुढे. एकच टेबल घरात नवरा-बायको वाटून वापरत असतील, तर दर वेळी अंदाजानं थांबवलेलं टेबल दोघांचीही मनगटं दुखवतं. एका बोटानं जागेवर येणारं टेबल दिवसातून अनेकदा हलतं. हँडल फिरवून चढवायचं टेबल, माझ्या पाहण्यात, पहिल्या महिन्यानंतर एका जागी थिजतं. तिसरं, टेबल पूर्ण वर नेऊन त्यावर टाइप करून पाहा. स्क्रीन डुलत असेल तर ते घेऊ नका, कारण डुलणाऱ्या स्क्रीनसमोर माणूस अंग ताठ धरतो.

लॅपटॉप तसाच उंच टेबलावर ठेवून उभं राहणं सर्वांत वाईट. हात योग्य उंचीवर आले तर मान खाली जाते, मान सरळ राहिली तर हात वर जातात. कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्या, स्क्रीन हातभर अंतरावर ठेवा, तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. वाचायचा भाग चष्म्याच्या तळाशी असलेल्यांनी स्क्रीन आणखी खाली घ्यावी, नाहीतर हनुवटी वर करून वाचण्यात मानेचा मागचा भाग धरतो. उभं असताना गुडघे ताठ लॉक करू नका. पायाशी वीतभर उंचीचं पाटासारखं काही ठेवून आलटून पालटून एक पाऊल त्यावर टेका, कंबरेला लगेच सैल वाटतं. पायांच्या शिरा आधीच फुगलेल्या असतील, गरोदरपण असेल, टाच दुखत असेल, तर उभं राहण्याचा वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

ज्यांना असं टेबल परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. फोनवरचं बोलणं चालत करा, पाण्याची बाटली दूर ठेवा, खुर्ची वर घेऊन पायाखाली पाट द्या. महागड्या टेबलाचा बराचसा लाभ यातच आहे.

हा विषय संगणकापुरता मात्र नाही. आपल्या घरातला स्वयंपाकाचा ओटा गवंड्याच्या सवयीच्या उंचीवर बांधला जातो, आणि तिथे रोज तासन्‌तास उभं राहणाऱ्या बाईचं कोपर कुणी मोजत नाही. कापडाच्या आणि सराफी दुकानांतल्या मुली गिऱ्हाईक नसतानाही दिवसभर उभ्या असतात. केरळात अशा विक्रेत्या बायका बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं झगडल्या आणि 2018 साली तिथल्या दुकान कायद्यात बसण्याची सोय बंधनकारक झाली. तामिळनाडूनं 2021 साली तशीच दुरुस्ती केली. कारखान्यांसाठी तर 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या 44 व्या कलमानंच उभ्यानं काम करणाऱ्यांना बसण्याची सोय द्यायला सांगितलं होतं. एकीकडे हजारो रुपये खर्चून उभं राहू पाहणारा इंजिनिअर आणि दुसरीकडे एका स्टुलासाठी झगडणारी विक्रेती, दोघांचंही मागणं एकच आहे. काम करताना आपलं शरीर कसं ठेवायचं, हे आपल्याला ठरवता यावं.

म्हणून कंपन्यांचे लोक सल्ला विचारतात तेव्हा माझा आग्रह असतो की टेबलं एका ठरावीक उंचीची घाऊक मागवू नका, आणि उंची बदलणारी मागवलीत तर ती फक्त साहेबांच्या केबिनमध्ये लावू नका. दिवसाचे नऊ तास जी व्यक्ती त्या टेबलाशी असते, तिला ते वर-खाली करायला कुणाची परवानगी लागू नये. मिटिंगमध्ये मधेच कुणी उठून उभं राहिलं तर माना वळू नयेत. दुकानदारांनी काउंटरमागे एक स्टूल ठेवावं, आणि नवा ओटा बांधताना गवंड्यानं आधी त्या घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं कोपर मोजावं. यातल्या बहुतेक गोष्टींना टेप आणि थोडी आस्था लागते. पैसा लागतो तो नंतर, आणि तोही माना-कंबरांच्या उपचारांवर होणाऱ्या खर्चापेक्षा कमीच.