कांदा कुणाचा होता?

गेल्या आठवड्यात मावशीच्या अपिलाचा निकाल लागला. अपघात 2017 च्या मार्चमधला. हिशोब तुम्हीच करा.

येवला तालुक्यातून लासलगावला कांदा घेऊन पिकअप चालली होती. दोन घरांचा रांगडा कांदा होता, त्यात मावशीचा आठेक क्विंटल. ती केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलेली. वळणावर गाडी उलटली. मावशीच्या डाव्या मांडीत रॉड बसला आणि गुडघा कायमचा आखडला. आता ती खाली बसू शकत नाही. शेतात बाईमाणसाचं निम्मं काम खाली बसूनच असतं, निंदणी काय नि कांदा कापणी काय.

क्लेम कोर्टाने महिन्याला 6,000 कमाई धरली. दाखल्यात पायाचं अपंगत्व 40 टक्के होतं, पण कोर्टाने कमाईचं नुकसान 30 टक्के मानलं. वय 47, म्हणून गुणक 13. म्हणजे 2,80,800 रुपये, वर दवाखान्याचा खर्च, यातना वगैरे आणि व्याज. दाखल्यातला टक्का आणि कमाईतला टक्का एकच नसतो, हे सुप्रीम कोर्टाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात नीट सांगितलंय. हात-पाय तोच, पण कारकुनाचं नुकसान वेगळं नि मजुराचं वेगळं. मावशीचे 30 कमीच धरले असं मला अजून वाटतं. असो.

विमा कंपनी अपिलात गेली ती रकमेवरून नव्हे. तिचं म्हणणं एकच, बाई मालवाहू गाडीत फुकट बसली होती, आमची जबाबदारी नाही. हा मुद्दा हवेतला नाही बरं का. मालाच्या गाडीत नुसत्या बसलेल्या प्रवाशाला पॉलिसीचं संरक्षण नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2002 मध्ये आशा राणी प्रकरणात ठरवलंय. 1994 च्या दुरुस्तीने सूट मिळाली ती फक्त मालासोबत जाणाऱ्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत माणसाला. काही प्रकरणांत कोर्ट म्हणतं, कंपनीने आधी पैसे द्यावे, मग गाडीमालकाकडून वसूल करावे. पण ते मिळेलच असं धरून चालता येत नाही. नाही मिळालं तर पैसे गाडीमालकाकडून काढायचे, आणि आमच्या गाडीमालकाकडे ती हप्त्यावरची पिकअप सोडून होतं काय?

म्हणून सगळं येऊन अडकलं एका प्रश्नावर: कांदा कुणाचा होता?

बाजार समितीची हिशोबपट्टी असती तर दोन मिनिटांचं काम. पण कांदा बाजारात पोचलाच नाही, तर पट्टी येणार कुठून! त्यात दवाखान्यात माझ्या मावसभावाने पोलिसांना जबाब दिला, "आई पिकअपमध्ये बसून लासलगावला चालली होती." बस, एवढाच. कांद्याचा शब्द नाही. आई आत ऑपरेशनला, बाहेर पोरगा रडतोय, तो काय पॉलिसीच्या अटी आठवणार? त्याच ओळीवर कंपनीच्या वकिलाने पाच वर्षं काढली.

आम्हाला तारलं घटनास्थळ पंचनाम्यातल्या अर्ध्या ओळीने, रस्त्यावर कांदा पसरलेला आहे म्हणून. मग सातबारावरचा कांद्याचा पिकपेरा, आणि उलटतपासात मावशीने सांगितलेला हिशोब. किती कांदा, कुणी भरला, भाडं किती ठरलं, सगळं तिने धडाधड सांगितलं. हायकोर्टाने अपील फेटाळलं.

मंडळी, आपल्याकडे कांद्याच्या, द्राक्षाच्या गाडीत घरचं माणूस बसतंच. तेव्हा जबाबात माल कुणाचा, किती, माणूस केबिनमध्ये होता की मागे, हे लिहून घ्या. पंचनाम्याची नक्कल मागा. शिवाय 1 एप्रिल 2022 पासून दावा करायला सहा महिन्यांची मुदत कायद्यात परत आलीये. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर घरी बसू नका. आणि दोन गाड्यांची टक्कर असेल तर चूक कुणाची किती, याची चिंता आत बसलेल्या प्रवाशाने करू नये. कुठल्याही एका गाडीकडून पूर्ण भरपाई मागता येते, 2015 चा खेन्येई निकाल आहे.

कंपनीने कोर्टात भरलेल्या पैशांतले निम्मे मावशीला आधीच मिळाले होते, ते रॉड काढण्यात आणि धाकटीच्या लग्नात गेले. उरलेले आता निघतील. पण पासबुकावर नाव एक आणि आधारवर दुसरं, म्हणून उद्या सकाळी तिला घेऊन बँकेत चाललोय.