नाव नरक्या, पण गुण पाहा

मुरूड तालुक्यातील सुपेगावला उतरून आम्ही फणसाडच्या रानात शिरलो. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. १९८६ पासून ते अभयारण्य आहे. आम्हाला पाहायचा होता नरक्या. वनरक्षकाने तो दाखवला, पण जागा छापू नका म्हणाला.

झुडपासारखे लहानसे, बारमाही हिरवे झाड. फुलांना दुर्गंधी, म्हणून नाव नरकाचे! पण १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांना यात कॅम्प्टोथेसिन सापडले. त्यापासून बनलेली औषधे कर्करोगावर देतात. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर ज्यांनी आपल्या माणसासाठी रात्री काढल्या, त्यांना त्याचे मोल सांगायला नको.

गुण कळला आणि कुऱ्हाड आली. किलोभर वाळक्या लाकडात हे द्रव्य जेमतेम ग्रॅम-दोन ग्रॅम. म्हणून कोकणात चोरून झाडेच्या झाडे तोडली गेली. तोडणाऱ्या गरिबाला मजुरी मिळाली, नफा दुसऱ्यांनी नेला. नर व मादी झाडे बहुधा वेगळी असतात. जवळचे नर झाड तुटले, की मादीला फळ धरणे कठीण आणि नवे रोपही नाही.

वाचकहो, गावाकडे कोणी नरक्या तोडायला मजूर मागितले, तर नकार द्या आणि वनखात्याला कळवा. नावावरून हिणवलेले हे झाड उद्या आपल्याच घरातल्या कोणाला जगवील.