घाण कोणाची, गुन्हा कोणाचा?

सांडपाण्याचा कायदा सगळ्यांना सारखा आहे, असं आपल्याला सांगितलं जातं. कागदावर तो आहेही. पण कागदावरून रस्त्यावर उतरल्यावर तो नेमका कोणाच्या मानेवर येऊन बसतो, हे पाहिल्याशिवाय त्याच्या समानतेबद्दल बोलण्यात अर्थ नाही. आम्ही ते रोज पाहतो, कारण ती मान आमची आहे.

आम्ही चौघं एकाच वस्तीतले. चौघांचेही वडील नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. त्यांच्या पिढीने दोरी, बादली आणि बांबूच्या पट्ट्यांनी या शहराची गटारं मोकळी केली. आम्ही कर्ज काढलं आणि एक प्रेशर वॉशर, एक छोटं जेटिंग मशीन आणि एक सक्शन टँकर घेतला. सोसायट्यांची पार्किंगं धुणं, तुंबलेली चेंबरं मोकळी करणं, सेप्टिक टाक्या उपसणं हा आमचा धंदा. धंद्याचा नियम एकच: काहीही झालं तरी माणूस आत उतरणार नाही.

मशीन काय करतं ते आधी समजून घ्या. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-अडीच बार असतो. जेटिंगच्या पाइपातून पाणी दीडशे-दोनशे बारने सुटतं. नोझलला मागे तोंड असलेली भोकं असतात. त्यातून सुटणाऱ्या पाण्याच्या धक्क्याने पाइप आपोआप पुढे सरकतो, अडकलेला गाळ फोडतो आणि चेंबरकडे ओढून आणतो. मग सक्शनने तो वर घ्यायचा. बापाने छातीपर्यंत बुडून जे काम केलं ते मुलगा रस्त्यावर उभा राहून करतो, याचं समाधान काय असतं ते आमच्या घरच्यांना विचारा.

पण दाबाचं पाणी घाण नाहीशी करत नाही, तिची फक्त जागा बदलतं. पार्किंग धुतलं की ऑइल, ग्रीस, साबण आणि माती घेऊन पाणी उताराला लागतं. टाकी उपसली की मैला टँकरमध्ये येतो. हे सगळं न्यायचं कुठे? इथे सांडपाण्याचा कायदा आमच्या आयुष्यात प्रवेश करतो.

1974 च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम 24 सांगतं की प्रदूषण करणारा पदार्थ जाणूनबुजून नदीनाल्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडता येणार नाही. कलम योग्यच आहे. आपल्या शहरांत पावसाळी गटार वेगळं आणि मैल्याचं गटार वेगळं असतं. पावसाळी गटारातलं पाणी कसल्याही प्रक्रियेशिवाय थेट नाल्यात, तिथून नदीत किंवा खाडीत जातं. पार्किंग धुतलेलं पाणी त्यात सोडणं म्हणजे नदीत ऑइल ओतणं. आम्ही ते करत नाही. उताराला आडोसा घालतो, पाणी अडवतो, सक्शनने उचलतो. पण उचललेलं पाणी आणि उपसलेला मैला घेईल असं प्रक्रिया केंद्र आमच्या शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथली वेळ ठरावीक, रांग मोठी. एक खेप टाकून येईपर्यंत अर्धा दिवस जातो. त्याचं डिझेल, ड्रायव्हरचा रोज आणि वाया गेलेली दुसरी खेप हे सगळं आमच्या दरात धरावं लागतं.

मग सोसायटीचा सेक्रेटरी विचारतो, "एवढे कसे? तो दुसरा तर निम्म्यात करतो." दुसरा निम्म्यात करतो, कारण तो रात्री टँकर नाल्यावर उलटा करतो. तिसरा त्याहून कमी घेतो, कारण तो मशीन आणतच नाही. दोन माणसं आणतो आणि उतरवतो. एका सेक्रेटरीने आम्हाला सरळ विचारलं होतं, "तुमच्यातलं कोणी उतरणारं नाही का?" या वाक्यातलं 'तुमच्यातलं' कोणाला उद्देशून होतं, हे सांगायची गरज नाही. स्वतःच्या घाणीसाठी माणूस मागताना जात आठवते. बाकी वेळी सगळे म्हणतात, आता कुठे राहिलीय जात?

आता दुसरा कायदा बघा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा 6 डिसेंबर 2013 रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी लागू झाला. त्याचं कलम 7 म्हणतं की कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी गटाराच्या वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कामाला लावणार नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. 'अप्रत्यक्ष' हा शब्द नीट वाचा. कंत्राटदाराला फोन करणारी सोसायटी त्यात येते. कमी दराची निविदा मंजूर करणारी नगरपालिकाही त्यात येते.

पण याच कायद्यात पळवाटही आहे. 'धोकादायक सफाई' म्हणजे मालकाने सुरक्षा साधनं न देता आणि खबरदारी न घेता करून घेतलेली सफाई, अशी व्याख्या आहे. म्हणजे माणूस गटारात उतरवणं हाच गुन्हा नाही, साधनांशिवाय उतरवणं गुन्हा आहे. मग एक मास्क आणि एक हातमोजा फोटोपुरता दिला की वाद सुरू: साधनं दिली होती, त्यानेच घातली नाहीत. मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही.

आम्हाला हे काम माहीत आहे म्हणून सांगतो, त्या मास्कचा तिथे काडीचा उपयोग नसतो. बंद टाकीत कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तेव्हाच तो सर्वात जास्त धोक्यात असतो. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो. म्हणून आत उभं राहून दाबाच्या पाण्याने टाकी धुणं हा तर सरळ मृत्यूला दिलेला होकार आहे. एक पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. एका टाकीत तीन-तीन मृत्यू होतात ते यामुळे.

डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीतल्या एका सोसायटीच्या टाकीत असेच तीन कामगार गेले. त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकीला 10 लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला. काम खासगी होतं म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत, हा त्या निकालाचा गाभा आहे. पुढे 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई 30 लाखांवर नेली.

पण मृत्यू झालाच नाही असं म्हटलं तर भरपाई कशी मिळणार? जुलै 2021 मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं की हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात मेला तो 'धोकादायक सफाई'त मेला, 'मैला साफ करताना' नव्हे, असा हा हिशेब. त्याच सरकारने 2019 ते 2023 या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्यांत 377 माणसं मेल्याचं संसदेत सांगितलं. सरकारच्याच नमस्ते योजनेत 2024 पर्यंत सुमारे 38,000 सफाई कामगारांची नोंद झाली. त्यात अनुसूचित जातींचे 68.9 टक्के आणि सर्वसाधारण गटातले 8 टक्के. ज्यांना जात दिसत नाही त्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

आमचे काही मित्र म्हणतात, तुमच्यासारख्या छोट्या कंत्राटदारांना नियमांतून सूट मिळायला हवी. आमचा याला स्पष्ट विरोध आहे. नाल्याच्या काठावर कोणाची घरं आहेत? आमचीच. रात्री उलटा केलेला टँकर पावसाळ्यात आमच्याच उंबऱ्यातून आत येतो. आम्हाला सूट नको. आम्हाला एवढंच विचारायचं आहे की नियम सर्वात वरच्याला का लागत नाही? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते सुमारे 20,236 दशलक्ष लिटरवर. उरलेलं पाणी नद्यांत सोडणारे आमच्यासारखे कंत्राटदार नाहीत. पण नाल्यावर टँकर पकडल्याचा फोटो छापून येतो, नगरपालिकेच्या पाइपाचा येत नाही. आणि माणूस मेला की अटक होते कंत्राटदाराला किंवा त्याच्या मुकादमाला. तोही बहुतेक वेळा मेलेल्याच्याच वस्तीतला. सोसायटीची कमिटी साक्षीदार होते!

हे बदलता येतं. वाई आणि सिन्नर या आपल्याच राज्यातल्या नगरपालिकांनी प्रत्येक घराची सेप्टिक टाकी दर तीन वर्षांनी वेळापत्रकाप्रमाणे उपसण्याची पद्धत आणली. पैसा स्वच्छता करातून येतो. कंत्राटदाराचं बिल मैला प्रक्रिया केंद्रावर पोचला तरच निघतं. तिथे नाल्यात ओतणारा स्वस्त पडत नाही, कारण त्याला पैसेच मिळत नाहीत. दिल्लीत फेब्रुवारी 2019 मध्ये अरुंद गल्ल्यांत जाणाऱ्या 200 सफाई गाड्या रस्त्यावर आल्या. दलित उद्योजकांची संघटना डिक्की आणि स्टेट बँक त्यात होती. गटारात उतरणाऱ्यांच्या घरातली माणसं त्या गाड्यांची मालक झाली. या योजनेतही त्रुटी असतील, पण मशीनची मालकी कोणाकडे, हा प्रश्न तिने विचारला. नाहीतर मशीन येतं, त्याचा मालक वरचा असतो आणि मशीन जिथे पोचत नाही त्या गल्लीत उतरायला पुन्हा आमचाच पोरगा बोलावला जातो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक प्रभागाच्या आवाक्यात टँकर रिकामा करण्याची अधिकृत जागा हवी. निविदेत वाहतुकीचा आणि प्रक्रियेचा खर्च वेगळा धरलेला हवा, सर्वात कमी दराला डोळे झाकून काम नको. टाकीत माणूस मेला तर पहिला गुन्हा काम देणाऱ्यावर नोंदवला जावा. 'अप्रत्यक्ष' हा शब्द कायद्यात त्यासाठीच आहे. आणि सफाई कामगारांच्या मुलांना मशीनसाठी कर्जासोबत कामाची हमी हवी. नुसतं कर्ज म्हणजे दुसरं गटार.

ज्या समाजाला चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाला गटारात उतरायला कधी कोणाची परवानगी लागली नाही. आता कायद्याने लागते. माणूस उतरवणं अगदीच अपरिहार्य असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवून परवानगी द्यायची, असं 2013 च्या नियमांत लिहिलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या गल्लीत कोणी उतरताना दिसला तर थांबा, आणि सोसायटीला, मुकादमाला, साहेबाला विचारा: तो लेखी कागद कुठे आहे? कागद नसेल तर झाकण बंद करा आणि 112 ला फोन लावा.

जयभीम!