भ्यालेल्यांचा देव

तुमच्यात बसलो की एक सवाल ठरलेला. ‘देवावर भरवसा ठेवतोस म्हणजे करतोस काय? हात जोडून बसतोस ना?’ सवाल खोटा नाही. असे बसणारे आमच्या मंडळीत ढिगानं आहेत. पण मी भरवसा शिकलो तो आईकडून, आणि ती बसणाऱ्यातली नव्हती.

1994 साल. गाव नगर जिल्ह्यातलं. (आता जिल्ह्याचं नावही बदललंय.) महारवाड्यात आमच्या भावकीच्या दोन चुली. धाकटा चुलता बौद्ध, आम्ही ख्रिस्ती. आजा एकच. गावातल्यांनी एका रात्री दोन्ही घरांतल्या पोरांना झोडपलं, जातीवरनं शिव्या दिल्या. शिव्या देताना कुणाचा धर्म कुठला, हे कुणी विचारलं नाही. सकाळपासून किराणा बंद, गिरणी बंद.

त्या रात्री आई गुडघ्यावर बसली. मला वाटलं, तेविसावं स्तोत्र म्हणेल. नाही. नुसतं म्हणत राहिली, ‘बापा, मला लई भ्या वाटतंय. सकाळी मला उठीव.’ देवाशी एवढं उघडं बोलताना पाळकालाही मी ऐकलं नव्हतं. त्यांची प्रार्थना इस्त्री केलेली. पहाटे आई उठली, बाजरीचं गठुडं डोक्यावर घेतलं आणि तीन कोसावरच्या गावाला दळायला गेली. अंग कापतच होतं. विश्वास असला की भीती जाते, असं सांगणारे कधी भ्यालेलेच नसतात. येशू स्वतः भ्याला. गेथशेमाने बागेत त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळत होता, असं लूकनं लिहून ठेवलंय. हे टळू दे, म्हणून त्यानं मागितलं. टळलं नाही. शिष्य तेवढे झोपले होते.

पाळक घरी आले. म्हणाले, क्षमा करा, देवावर सोडा, केस नको. आई म्हणाली, ‘सायब, देवावर सोडलंय म्हणून तर ठाण्यात चाललेय. न्हाईतर घरातच मेले असते.’

ठाण्यात निराळीच तऱ्हा. अ‍ॅट्रॉसिटीचा 1989 चा कायदा अनुसूचित जाती-जमातींसाठी. आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस म्हणजे हिंदूच. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. चुलत्याची फिर्याद त्या कायद्याखाली लागली, आमची नुसती मारहाण. काठी एकच, पाठी दोन, कलमं निराळी.

भीती कशी वागते हे मार्टिन ल्यूथर किंगकडं बघून मला आणखी कळलं. 27 जानेवारी 1956 ची रात्र, मॉन्टगोमेरी शहर. काळ्यांचा बसवर बहिष्कार चालू. किंग सत्तावीस वर्षांचा. रात्री धमकीचा फोन आला, झोप उडाली. स्वयंपाकघरात कॉफी करून बसला आणि यातनं अंग कसं काढावं याचा विचार करू लागला. तिथंच देवाला सांगितलं, माझ्यातलं बळ सरलं. तीन दिवसांनी घरावर बॉम्ब पडला. बायको आणि तान्ही पोर वाचली. भरवशानं बॉम्ब अडला नाही. पण बहिष्कारही मोडला नाही, 381 दिवस चालला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी देव बाजूला सारले आणि लाखोंच्या मनातलं भ्या काढलं. चुलता त्या वाटेनं ताठ झाला. आई गुडघ्यावर बसून ताठ झाली. एक खरं आणि दुसरा भ्रम, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ठाण्याच्या पायरीवर दोघं शेजारी उभे होते.

चुलत्याच्या केसमध्ये आई साक्षीदार. आदल्या रात्री पुन्हा तेच, ‘बापा, भ्या वाटतंय.’ कोर्टात तिनं चारही जणांची नावं घेतली, बोट दाखवून. आरोपी सुटले.

त्या रात्री आई देवाशी मोठमोठ्यानं भांडली. पलीकडच्या ओट्यावरनं चुलत्यानं हाक दिली, ‘वयनी, माझ्या वाटचंबी सुनाव त्याला.’