दहा हजार डॉलर कुणाला द्यायचे?

चि. सईस,


या सत्रात तुमच्या वर्गाला १०,००० डॉलर मिळणार आणि ते शहरातल्या कोणत्या संस्थेला द्यायचे हे तुम्ही विद्यार्थ्यांनीच ठरवायचं, हे वाचून फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी देणगीचे अर्ज तपासण्यात गेली, पण हे काम मला कुठल्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही. तिकडे अमेरिकेत नॉर्दर्न केंटकी विद्यापीठात २००० सालापासून हे चालत आलंय. मेयरसन कुटुंबाच्या फाउंडेशनने पैसे दिले आणि वेगवेगळ्या विषयांच्या वर्गांनी ते खरोखर वाटले. वॉरन बफे यांच्या थोरल्या बहीण डोरिस बफे यांनी तर यासाठी वेगळं फाउंडेशनच काढलं. पैसे खरे असतात, म्हणून हा अभ्यासक्रम मला मोलाचा वाटतो. काल्पनिक रक्कम वाटताना कुणाची झोप उडत नाही.

अर्ज कुठून वाचायला घेऊ, असं विचारलंस. हिशेबाच्या पानापासून. अमेरिकेत बहुतेक धर्मादाय संस्थांना दरवर्षी आयकर खात्याकडे फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो कुणालाही पाहता येतो. तीन वर्षांचे फॉर्म शेजारी शेजारी ठेव. पगार आणि भाड्याचे आकडे मोठे दिसले की वर्गात कुणीतरी म्हणेलच, ‘हे पैसे गरिबांपर्यंत पोचत नाहीत.’ ते लगेच मान्य करू नकोस. २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या धर्मादाय संस्थांची माहिती पुरवणाऱ्या तीन संघटनांच्या प्रमुखांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून बजावलं होतं, की नुसत्या प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. मला ते पूर्ण पटतं. समुपदेशन करणाऱ्या संस्थेत पगार हाच कामाचा खर्च असतो.

अगदी छोट्या संस्थांचा फॉर्म मात्र त्रोटक असतो. तिथे प्रत्यक्ष जायलाच हवं. वसतिगृहाच्या पाहणीला गेले की मी ऑफिसातला चहा नंतर घ्यायचे, आधी स्वयंपाकघर गाठायचे. फळ्यावर हजर मुलांचा आकडा लिहिलेला असे. परातीत कणीक किती मळलीय हे पाहिलं की तो आकडा किती खरा ते कळे. गॅस कधी संपतो, दूध कोणत्या दिवशी येत नाही, हे स्वयंपाकाच्या ताई न विचारता सांगायच्या. अर्जात मात्र संगणक कक्ष मागितलेला असे, कारण देणगीदाराच्या नावाची पाटी तिथे शोभते! तुम्ही फूड पँट्रीत गेलात तर फ्रीजर उघडून दाखवायला सांगा आणि संचालकांइतकाच वेळ गाडी चालवणाऱ्याशी बोला.

शेवटी वाद होतील. कुणाला दुखवायला नको म्हणून पाच संस्थांत रक्कम वाटून टाकू, असा सूर निघेल. त्याला ठाम विरोध कर. दोन-दोन हजारांत कुणाचंच फारसं भागत नाही, आणि अहवाल लिहिण्याचा व्याप पाचही जणांच्या मागे लागतो. एक निवडा, फार तर दोन.

आणि ज्यांना नाही म्हणाल त्यांना छापील दिलगिरी पाठवू नका. दिवसभराचं काम आटोपून, रात्री बसून त्यांनी तो अर्ज लिहिलेला असतो. तो कशामुळे मागे पडला हे चार ओळींत कळलं, तर पुढच्या देणगीदाराकडे ते तयारीने जातील. ती पत्रं प्राध्यापकांवर सोडू नकोस, तू स्वतः लिही.

तुझी,
सुमाआत्या