एक गाणे आजीचे, एक अज्जीचे

बेळगावहून निपाणीला निघाले की काकती, हत्तरगी, संकेश्वर आणि शेवटी तवंदीचा घाट. जेमतेम ७५ किलोमीटरचा रस्ता. या भागात पाट्यांच्या भाषेवरून पुष्कळ भांडणे झाली. गाण्यांनी मात्र कधी भाषा विचारली नाही.

बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र कोमकली जन्मले. घर कानडी. तेच कुमार गंधर्व होऊन मराठी घराघरांतले झाले. गदगकडच्या भीमसेन जोशींनी तुकोबांचे अभंग गायिले, तशीच पुरंदरदासांची पदेही. विठ्ठल दोन्हींकडे एकच! ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ या १९६७ च्या कन्नड चित्रपटात लताबाई गायल्या. रायण्णांचे संगोळ्ळी तर आपल्याच जिल्ह्यातले.

आमच्या घरात सासूबाईंना अभंग लागतात, सूनबाईंना राजकुमारांची सिनेगीते. मला कुमारांची निर्गुणी भजने ऐकताना भरून येते. दासांच्या पदांतले सगळे शब्द मला पूर्वी कळत नसत, नुसता ताल धरायची. सूनबाईंनी एकदा ओळ न् ओळ समजावली, तेव्हापासून ते पद माझेही झाले.

आता नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. आपण ऐकवले नाही, तर अभंगही जाईल आणि दासांचे पदही. म्हणून सणावाराला मुले जमली की एक गाणे आजीचे लावा, एक अज्जीचे. आणि हो, अर्थ सांगायला विसरू नका!