पहिला घोट

शहापूरच्या मामांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला आणि परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. रोगट अन्ननलिका काढून जठराचीच नळी करतात व ती वर ओढून गळ्याशी जोडतात. तो जोड सांधेपर्यंत तोंडाने काहीच द्यायचे नाही. पोटातून बसविलेल्या नळीने आतड्यात पातळ अन्न सोडायचे.

आजीला हे पटेना. "वाटसरूलाही आपण पाणी देतो, नि माझ्या लेकाला घोटभर नाही?" घरात कॉलेजात गेलेला मी एकटाच, म्हणून तिला समजावायला मला मुरबाडहून बोलावले. पुस्तकी शब्द उपयोगाचे नव्हते. मी म्हणालो, "आजी, खाचराचा नवा बांध बसल्याशिवाय आपण पाणी धरतो का?" ती गप्प झाली.

आठव्या दिवशी मामांना क्ष-किरणांत दिसणारे औषध गिळायला दिले. जोडातून ते झिरपले असते, तर अन्नही छातीत उतरून जिवावर बेतले असते. चित्रात गळती दिसली नाही. मग चमचाभर पाणी, पुढे पेज.

निरोप कळताच आजीने एवढेच विचारले, "बसला का रे बांध?" तिला अहवाल वाचता येत नाही, पण त्यातले सगळे तिला कळले होते.